पळायच्या दोन वाटा

"आतून पूस. स्पिरिट लाव. यांच्या डोक्याचं तेल राहतं."

साहेब हे मराठीत बोलले. समोर ठेकेदाराची चार माणसं उभी होती, बैतूलकडची, गोंड. त्यांना मराठी कळत नाही म्हणून मराठीत. पण माझ्या हातातलं फडकं त्यांना कळत होतं.

मी चार पिवळी हेल्मेटं ओट्यावर मांडली आणि एकेक आतून पुसली. हनुवटीखालचा पट्टासुद्धा पुसला. ती त्यांच्या डोक्यावर पाच मिनिटं होती, फोटोपुरती.

दर सोमवारी हेच. झाडं तोडणारी टोळी टाउनशिप ऑफिससमोर उभी राहायची. डोक्यावर हेल्मेट, मागे 'सुरक्षा प्रथम' लिहिलेली भिंत. फोटो झाला की सुरक्षा रजिस्टर. सहा दिवसांचे अंगठे एकदमच. हेल्मेट मिळाले, सूचना समजल्या. मग हेल्मेटं कपाटात, किल्ली माझ्या खिशात, आणि टोळी डोक्याला गमछे बांधून कामाला. वरून कुणी पाहणीला आलं तर हेल्मेटं स्वच्छ दिसली पाहिजेत, एवढाच नियम.

"तुला हे सांगावं लागत नाही, हे बरंय," साहेब म्हणाले. "तुझ्या घरचंच काम."

मी हसलो.

माझे बाबा चंद्रपूरच्या जंगलात ठेक्यावर साग तोडायचे. एका ओंडक्यानं त्यांचा डावा पाय गेला, म्हणजे आहे, पण ओढत चालतात. त्या पायावर मला त्यांनी तालुक्याच्या शाळेत घातलं. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. भोपाळला, या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये नोकरी लागली ती या साहेबांमुळे. अर्ज त्यांनी तपासला, मुलाखतीला कसं बोलायचं ते शिकवलं, बरखेड्यात क्वार्टर मिळवून दिलं. ते मूळचे पुण्याचे. दसऱ्याला आपट्याचं पहिलं पान मी त्यांच्या हातावर ठेवायचो आणि पाया पडायचो. मनापासून. हे लिहिणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्या मनापासूनमधूनच झालं.

त्या बुधवारी काम साहेबांच्याच बंगल्यावर होतं. मागच्या अंगणात दोन नीलगिरी. पहिली वाकलेली, ती भिंतीपलीकडच्या मोकळ्या मैदानात पाडायची. टोळीचा मुकादम सुखलाल, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा. त्यानं झाडाभोवती एक फेरी मारली, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि माझ्याकडे आला.

"बाबूजी, गमले हटवा दो. भागने का रस्ता चाहिए."

झाडाच्या मागे कुंड्यांच्या तीन रांगा होत्या, त्यामागे गुलाबाचा वाफा. सुखलाल काय म्हणतो ते मला भोपाळमधल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. बाबांच्या टोळीत रीत होती. कुऱ्हाड लावायच्या आधी मागच्या बाजूला तिरप्या दोन वाटा साफ करायच्या, आणि प्रत्येकानं त्या वाटेनं एकदा पळून पाहायचं. मोठी माणसं जंगलात उगीचच पळताना पाहून मी लहानपणी हसायचो.

मी साहेबांना विचारायला गेलो. ते व्हरांड्यात चहा घेत होते.

"कुंड्या हलवायच्या? चाळीस कुंड्या?" ते म्हणाले. "आणि वाफ्यातून धावणार म्हणे. हे जंगल नाही रे. तुझा बाप जंगलात धावायचा, म्हणून काय माझ्या गुलाबातून धावणार सगळे?"

शेजारी बसलेले पाहुणे हसले. मीही हसलो. दुसऱ्यांदा.

परत येऊन मी सुखलालला म्हणालो, "गमले मत छूना. सँभाल के कर लो."

त्यानं डोक्याचा गमछा आवळून बांधला. मग टोळीतल्या आपल्या भावाला म्हणाला, "चल रे. बाबूजी कह रहे हैं सँभाल के, तो झाड़ को भी बता दे."

ते सगळे हसले. या वेळी मी हसलो नाही.

झाड पडताना आधी करकरतं, मग क्षणभर गप्प होतं. त्या गप्प होण्यात पळायचं असतं. सुखलाल पळाला. पण सरळ नाही. एका कुंडीला वळसा, दुसऱ्या कुंडीवरून उडी, तिसरीशी अडखळला. कुंड्यांना हात लावू नका असं मी सांगितलं होतं. शेंड्यात अडकलेली वाळकी फांदी सुटली आणि त्याच्या डोक्यावरून खांद्यावर आली. झाड मैदानात व्यवस्थित पडलं, जिथं पडायचं तिथं.

मी धावत गेलो. गमछा लाल झाला होता. तो शुद्धीवर होता. मला पाहून म्हणाला, "गमला तो नहीं टूटा, बाबूजी?"

एकही कुंडी फुटली नव्हती.

प्रथमोपचाराची पेटी ऑफिसात, हेल्मेटांच्या कपाटात. किल्ली माझ्या खिशात, आणि ऑफिस दीड किलोमीटरवर. साहेबांच्या घरातून मी टाउनशिपच्या हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्यानं विचारलं, "एम्प्लॉयी है कि ठेके का?"

इथं मी खोटं बोलू शकलो असतो. स्वतःचा कार्ड नंबर सांगितला असता तर गाडी पाच मिनिटांत आली असती. नंतर काय व्हायचं ते झालं असतं. पण मी प्रामाणिक माणूस. म्हणालो, "ठेके का."

"तो ठेकेदार को बोलो." फोन बंद.

त्याला शिडीवर आडवं करून, लाकडं न्यायच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. प्रत्येक गतिरोधकावर तो कण्हत होता. मी त्याचं डोकं धरून बसलो होतो. माझ्या हाताला तेल लागलं. खोबरेल. बाबा लावतात तेच.

सुखलाल वाचला. उजवा हात गेला. म्हणजे आहे, पण लोंबतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे केला. कामगारानं सूचना असूनही हेल्मेट स्वतःहून काढून ठेवलं होतं. सोबत रजिस्टर, बुधवारच्या रकान्यात सुखलालचा अंगठा. सोमवारी दिलेला.

"सही कर. तुझं नाव साक्षीदारात आहे, तिथंच राहू दे," ते म्हणाले. आवाज प्रेमाचा होता. "उपकार विसरणाऱ्यातला तू नाहीस."

मी म्हणालो, उद्या करतो.

बाबा तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. ओट्यावर बसून मटार सोलत होते. मी त्यांना झालेलं सांगितलं, थोडं गाळून. कुंड्यांचं गाळलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं.

"वाट साफ केली होती का?"

मी मटाराची एक शेंग उचलली.

"तू होता ना तिथं?"

"होतो."

"मंग तो पळाला कोठून?"

एवढंच. पुन्हा मटार सोलायला लागले. मला वाटलं, शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं उठून पाय ओढत आत गेले, तेव्हा तो पाय मी पहिल्यांदा नीट पाहिला. त्यांच्या वेळी वाट कुणी अडवली होती, हे मी आजवर विचारलं नव्हतं. मी शिकत होतो.

सकाळी मी तो कागद सही न करताच परत दिला आणि माझ्या हातानं लिहिलेला दुसरा पुढे ठेवला. अंगठे सोमवारी घेतले जातात. हेल्मेटं माझ्या कपाटात होती. किल्ली माझ्याकडे होती. मुकादमानं वाट मागितली, ती नाकारली गेली, आणि ती का मागतो हे मला माहीत होतं. माहीत असून मी गप्प बसलो. खाली सही. एक प्रत वरच्या ऑफिसला, एक सुखलालच्या भावाच्या हातात.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला.

"शेवटी गेलास जातीवर," ते म्हणाले.

मी म्हणालो, "हो."

चौकशी लागली. माझ्यावरही. लागायलाच हवी होती.

दुसरी नीलगिरी अजून उभी होती. ती पाडायला टोळी आली, पुढे सुखलालचा भाऊ. तो माझ्याशी बोलत नव्हता. मी कपाट उघडून हेल्मेटं दिली आणि परत मागितली नाहीत. पेटी झाडापासून वीस पावलांवर ठेवली, उघडी. ट्रॅक्टर फाटकाशी, तोंड रस्त्याकडे करून. मग एकेक कुंडी उचलली. चाळीस नव्हत्या, सव्वीस होत्या. साहेब व्हरांड्यात उभे होते. त्यांच्या समोर मी झाडापाशी गेलो, पाठ फिरवली आणि गुलाबाच्या वाफ्यातून पळून पाहिलं. दोन वाटा, दोनदा. बुटाला माती आणि पाकळ्या लागल्या.

टोळीतलं कुणी हसलं नाही.

सुखलालची मी माफी मागितलेली नाही. मागितली तर तो देईल, आणि ती घ्यायचा मला हक्क नाही. मी एवढंच ठरवलंय. यापुढं वाट साफ नसेल तर करवतीच्या आणि झाडाच्या मध्ये मी उभा राहीन. कुणाच्याही बागेत. मग सांगू दे कुणी, सँभाल के कर लो.