आधी सर, मग मी

राहनाळच्या शाळेत मी रुजू झालो त्या सकाळी काशिनाथसर चुन्याने कबड्डीचं मैदान आखत होते. माझ्या हातातल्या नेमणूकपत्राकडे न बघताच म्हणाले, “मास्तर, दोरी धर.” ती धरली ती आजतागायत.

सर शारीरिक शिक्षणाचे. विद्यार्थ्यांना दहा फेऱ्या सांगायच्या तर आधी स्वतः दोन मारणार. आम्हा तरुण शिक्षकांना त्याचा मनस्वी राग यायचा, कारण मग आम्हालाही पळावं लागे. सरांच्या पंचाहत्तरीच्या या अंकात त्यांच्या पदकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला त्यांनीच बजावलंय, “तू इंजेक्शनाचं लिव. न्हाय तं लिवू नको.”

निवृत्तीनंतर मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. दर तीन महिन्यांनी पुरुषी हार्मोन दाबणारं इंजेक्शन सुरू झालं. माघातही अंगातून वाफा निघत. टीव्हीवरची जाहिरात बघून रडू येई. पत्नीजवळ जाण्याची इच्छाच मेली, आणि पुढे छाती बाईसारखी फुगली. बाकी सगळं सोसलं, हे सोसवेना. डॉक्टरांशी बोलावं एवढी अक्कलही सुचली नाही. दवाखाना बंद होता, असं घरी खोटं सांगून मी इंजेक्शनाची एक पाळी चुकवली. रक्ताच्या तपासणीतला आकडा वाढला, तो कागदही लपवला.

तशात शेलार गावी पुतण्याची हळद आली. आमच्याकडे हळदीला काका सदऱ्यात राहिला तर पोरं सदरा फाडतात. मी डोकेदुखीचं निमित्त करून आतल्या खोलीत दडून बसलो. पत्नीने सरांना फोन केला, कारण मी ऐकतो तर त्यांचंच.

सर आले. माझा सगळा पाढा त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि हाताला धरून मांडवात नेलं. तिथे त्यांनी स्वतःचा सदरा काढला. फळीसारखी सपाट म्हणून आम्ही जिची नक्कल करायचो ती छाती माझ्यासारखीच फुगून ओघळली होती. कोणीतरी फिदकन हसलं. माझ्या थोरल्या भावाने घाबरून विचारलं, “सर, यो काय झाला?”

“कॅन्सर हाय. इंजेक्शन घेतंय, त्यानं फुगली. जीव वाचतंय ना? लाव हलद.”

तीन वर्षं त्यांनी हे आम्हा कोणालाही कळू दिलं नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी ते अख्ख्या गावासमोर उघडं केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आता तू.” मी सदरा काढला आणि लहान पोरासारखा रडलो. ते रडू इंजेक्शनाचं नव्हतं.

पुढच्याच सोमवारी सरांनी मला दवाखान्यात नेलं. आकडा उतरला. वाफा अजून येतात, पण डॉक्टरांना आता सगळं सांगतो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून सर मला रोज वळ गावच्या गोदामांपर्यंत चालवतात आणि वाटेत माझ्या पोटावर टीकाही करतात.

आम्ही इंजेक्शनाला एकाच दिवशी जातो. आधी सर, मग मी. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मागणं निव्वळ स्वार्थाचं आहे. अजून पुष्कळ वर्षं त्यांनी माझ्याआधी त्या दारातून आत जावं, बाही खाली करत बाहेर यावं आणि म्हणावं, “आता तू.”