अर्धा क्लच

त्याचं खरं नाव गाडीच्या कागदपत्रांत होतं. बाकी सगळा बाजार त्याला सावकाश म्हणायचा. ठेवणाऱ्यांनी ते चिडवायलाच ठेवलं होतं, पण ह्या गृहस्थाने ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवलं. कारखान्यातून काचेच्या दुकानात आणि दुकानातून गिऱ्हाइकांकडे माल पोचवणं हा त्याचा धंदा. खिडक्यांची तावदानं, कपाटांचे आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा. व्हॅनच्या आत लाकडी चौकटीला काचा टेकवायच्या, मध्ये जुनी ब्लँकेटं कोंबायची, पट्ट्यांनी आवळायचं आणि मग रस्त्याला लागायचं. मागून हॉर्नचा गदारोळ उठायचा. "घाई असेल त्याने उडत जावं," एवढं म्हणून हा आपला त्याच चालीने पुढे.

इतक्या वर्षांत त्याच्या गाडीत एकही काच फुटली नव्हती. हे सांगताना तो आवाज मुद्दाम खाली आणायचा, बढाई वाटू नये म्हणून. पण सांगितल्याशिवाय राहायचा नाही, आणि नव्या माणसाला तर पहिल्या पाच मिनिटांत ऐकावं लागायचंच.

सगळी करामत डाव्या पायाची होती. दुकान चढाच्या टोकाला, आणि चढाच्या बरोबर मध्यावर सिग्नल. बाकीचे ड्रायव्हर तिथे हँडब्रेक ओढायचे आणि दिवा हिरवा झाला की हिसका देऊन निघायचे. सावकाश क्लच अर्धा सोडायचा, अॅक्सिलरेटर केसभर दाबायचा आणि गाडी तशीच तोलून धरायचा. ना मागे, ना पुढे. मग झोपलेलं मूल कडेवरून अंथरुणावर ठेवावं तशी ती चढाला लावायचा. मागच्या काचांना कळायचंसुद्धा नाही. क्लचप्लेट लवकर झिजायची हे खरं, पण त्या जुन्या गाडीची प्लेट स्वस्तात मिळायची. बदलली की झालं.

मग त्याच डाव्या पायाच्या गुडघ्याने दगा दिला. आधी जिना चढताना, मग क्लच दाबताना, मग नुसतं बसल्या बसल्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, क्लचची गाडी बंद. महिनाभर तो घरात तोंड पाडून बसला. बायको म्हणाली, "अहो, गुडघा गेलाय, जीव नाही गेला. आता बिनक्लचच्या गाड्या निघाल्यात म्हणे. चौकशी तरी करा."

चौकशी केली. पूर्ण ऑटोमॅटिक गाडी खिशाला झेपणारी नव्हती. पण दुसरा एक प्रकार होता. गिअरबॉक्स साध्या गाडीचाच, क्लचही साधाच, फक्त तो दाबायचं आणि गिअर बदलायचं काम माणसाऐवजी यंत्र करणार. जुन्या गाड्यांच्या दलालाने तसली एक वापरलेली व्हॅन दाखवली. "दोनच पेडल, काका. डावा पाय घरी ठेवून आलात तरी चालेल." सावकाश मनापासून हसला. जुनी गाडी विकली, होतं नव्हतं ते घातलं आणि ही दारात आणून उभी केली. बायकोने टायरपासून टपापर्यंत फडक्याने पुसून काढली.

पहिल्याच दिवशी चढावरच्या सिग्नलला तो थांबला. ब्रेक सोडला, यंत्राने क्षणभर विचार केला, गाडी वीतभर मागे सरकली आणि मग धाडकन पुढे झेपावली. मागे काचा खणखणल्या. फुटलं काही नाही, पण तो आवाज त्याच्या कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्याने आपली अक्कल चालवली. ब्रेकला पायच लावला नाही. चढावर उजव्या पायाने अॅक्सिलरेटर हलकासा दाबून धरला, आणि गाडी तोलून उभी राहिली. अगदी पूर्वीसारखी. घरी येऊन बायकोला म्हणाला, "यंत्रालासुद्धा अर्धा क्लच शिकवला मी!" त्या रात्री स्वारी दोन पोळ्या जास्त जेवली.

यंत्र बिचारं मुकाट्याने सोसत राहिलं. वर्ष सरता सरता एका दुपारी गाडीत जळका वास यायला लागला, समोर पिवळा दिवा लागला आणि गाडी आपणहून गिअर सोडून थांबली. गॅरेजमध्ये मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला. क्लचप्लेट जळून निळी-काळी झाली होती.

"काका, चढावर गाडी रेसवर धरता का?"

"धरतो. का?"

"मग तुम्हीच जाळली की ही. ह्याला वाटतं गाडी चालवायचीय, म्हणून हे क्लच घासत बसतं. थांबायचं असेल तर सरळ ब्रेक दाबायचा."

"आणि निघताना हिसका बसतो त्याचं काय?"

"बसू दे ना. गाडी आहे ती, पाळणा नाही."

खर्चाचा आकडा ऐकून सावकाशला घाम फुटला. प्लेट एकटी बदलून भागत नव्हतं. तिच्यामागचं बेअरिंग, क्लच दाबणारी मोटर, आणि सगळं बसवल्यावर कॉम्प्युटर लावून गाडीला नव्या क्लचची ओळख करून द्यायची, त्याचे पैसे वेगळे. स्वयंपाकघराच्या गळक्या छताचं काम ठरलेलं होतं, ते पुढे गेलं. बायको एवढंच म्हणाली, "आता तरी यंत्राचं ऐका." त्याने कानाला खडा लावला. ही गाडी गेली तर दुसरी घ्यायची ऐपत नव्हती, आणि क्लचची गाडी गुडघा चालवू देणार नव्हता. म्हणजे ही गेली की ड्रायव्हर म्हणून तो संपला. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रिकामी गाडी तो शहाण्यासारखा चालवायचा. ब्रेक दाबायचा, हिसका खायचा, पुढे जायचा. पण मागे काच चढली की पाय त्याचा राहायचा नाही. शेवटी एक दिवस बायकोच शेजारच्या सीटवर येऊन बसली. प्रत्येक चढाला ओरडायची, "ब्रेक!" हा दचकून ब्रेक दाबायचा. मागे काचा खणखणायच्या आणि ह्याचा चेहरा कसनुसा व्हायचा. रस्त्यातले दोन चढ असे पार पडले. मग दुकानाचा चढ आला. मागे लग्नघराने दुकानातून मागवलेला पुरुषभर उंचीचा आरसा होता. सिग्नल लाल झाला. तिने पाहिलं, त्याचा पाय ब्रेकवरून अलगद अॅक्सिलरेटरवर सरकला. ती ओरडणार होती. पण तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि शब्द गिळला. गुडघा दुखायला लागल्यापासून इतका निवांत चेहरा तिने पाहिला नव्हता. पुन्हा ती कधी सोबत गेली नाही.

दुसऱ्यांदा गाडी बसली ती त्याच चढावर, आरशांनी भरलेली. वास आला, दिवा लागला, गाडी मागे घरंगळायला लागली. त्याने जिवाच्या आकांताने हँडब्रेक ओढला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चाकांमागे दगड लावले. दुकानातली माणसं धावत आली आणि एकेक आरसा उतरवून हातांनी वर घेऊन गेली. सगळे धड होते. कुणीतरी म्हणालं, "वा, सावकाशकाका! गाडी बसली, पण काच नाही फुटली!" तो हसला. अशाही वेळी त्याला बरं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मिस्त्रीने ह्या वेळी हात टेकले. क्लच गेला होताच, सोबत गिअर बदलणारं सगळं यंत्र आणि त्याचा कॉम्प्युटरही गेला होता. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जात होता. "काका, मी माझं गिऱ्हाईक घालवून सांगतोय. ह्यात आता पैसे घालू नका." गाडी सुट्या भागांच्या भावात गेली. टो करून नेताना सावकाश तिथे थांबला नाही. ब्लँकेटं तेवढी काढून घेतली.

चार दिवसांनी तो दुकानात गेला. मालकाला समोर बसून सांगावं, इतक्या वर्षांचा संबंध, फोनवर कसं संपवायचं, असं त्याला वाटलं. मालक त्याच्या मुलाच्या वयाचा. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, गुडघ्याची विचारपूस केली. तेवढ्यात दारात नव्या ड्रायव्हरची व्हॅन येऊन थांबली. माल उतरवताना कळलं, एक तावदान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकलेलं. सावकाश खुर्चीतून अर्धा उठला. आता ह्या माणसाची धडगत नाही, असं त्याला वाटलं.

मालकाने मान वळवून पाहिलं. "मागे ठेव ते. दुसरं काढ," म्हणाला आणि पुन्हा चहाकडे वळला.

"ते... फुटलंय," सावकाश म्हणाला.

"हो, चालायचंच. शंभरातली दोन-चार फुटणार हे धरूनच आम्ही भाव लावतो."

"कधीपासून?"

"बाबांच्या वेळेपासून. ह्या धंद्यात सगळेच धरतात."

सावकाशने कप खाली ठेवला. "मग माझ्या गाडीतली कधी फुटली नाही, ती..."

मालक प्रेमाने हसला. माणूस वाईट नव्हता. "तुमची फुटत नव्हती, ते आपलं चांगलंच होतं ना काका."

तो चढ उतरून चालत घरी आला. गुडघा सुजला होता. बायकोने गरम पाण्याची पिशवी आणली, पाय आपल्या मांडीवर घेतला आणि शेकायला लागली. काय झालं ते त्याने सगळं सांगितलं, मालकाचं शेवटचं वाक्यसुद्धा. ती मान खाली घालून ऐकत होती.

"मला कुणी सांगितलं नाही गं," तो म्हणाला. "एक काच फोडली असती मी. महिन्याला एक फोडली असती."

तिने पिशवी जरा वर सरकवली आणि विचारलं, "इथे दुखतंय का?"

तो रडत होता. "हो," म्हणाला, "तिथेच."