सागाच्या पानाचं रगत

त्या बाई आमच्या शेणव्याच्या शाळेत एकदाच आल्या. मुरबाडकडच्या आहेत, चित्रकला शिकवतात, एवढंच मला कळलं होतं. नाव विचारायचं राहूनच गेलं. झोळीत त्यांनी फक्त कोरे कागद आणले होते. रंगांची वाट बघत बसलेल्या माझ्या वर्गाला आता काय सांगायचं, या विचाराने माझा चेहरा पडला.

तेवढ्यात चौथीतली एक मुलगी विव्हळत पुढे आली. "बाई, रगत आलं!" हाताचा तळवा लालभडक.

ही इथली नेहमीची खोडी. सागाचं कोवळं पान तळव्यावर चोळलं की असा रंग सुटतो. नवीन माणूस हमखास घाबरतो. मी ओरडणार, तोच बाईंनी तिचा हात धरला, वास घेतला आणि तळवा अलगद कागदावर दाबला. उठलेल्या छापाकडे त्या बघतच राहिल्या.

"असा लाल मला दुकानात कधी मिळाला नाय. अजून आहे का गो?"

"आख्खा डोंगर हाय, बाई!"

दुपारपर्यंत व्हरांड्यात जोडलेल्या कागदांवर समोरचा डोंगर उभा राहिला, सगळा लाल तळव्यांचा. खेळात वाया गेलेला हा रंग मी वर्षानुवर्षं पोरांच्या हातांवरून धुवायला लावला होता.

संध्याकाळी बाई एसटीत चढताना त्यांचा लाल तळवा बघून कंडक्टरने विचारलं, "बाई, हाताला काय झालं?"

बाई विव्हळल्या, "रगत आलं!"

तो घाईघाईने औषधाची पेटी शोधू लागला. शाळेच्या फाटकाशी उभी पोरं तोंडावर लाल हात दाबून हसू आवरत राहिली.