थर्माकोल धरणारी

"तुझे वडील गेले का?"

माझ्याच वर्गातल्या निनादनं हे मला विचारलं. आमच्याच दारात, ठाणाकुशनूरला. माझा बाप तेव्हा कोळारच्या गोदामात पोती उचलत होता. धडधाकट. मी तसं सांगितलं.

"मग आई विधवेसारखी पांढऱ्या साडीत का?"

सगळे हसले. बरोबर आलेले सरही हसले. आई समोरच खुर्चीवर बसली होती. तिनं सगळं ऐकलं.

विद्यापीठाच्या सिनेमा विभागाची आमची तुकडी माहितीपट करायला गावात आली होती. गाव माझं, घर माझं, आई माझी. दिग्दर्शक मात्र निनाद आणि कॅमेरा त्याच्या मित्राकडं. मी थर्माकोलचा तक्ता धरून उभी. ऊन परतवून माणसाच्या तोंडावर टाकायला तो लागतो. वर्षभर मला तेवढंच काम होतं. कॅमेरा मागितला की सर म्हणायचे, "तुझा हात अजून बसला नाही." हातात दिलाच नाही तर बसणार कसा?

जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या बाया पांढरीशुभ्र साडी नेसतात. एरवी ती पेटीतून निघत नाही. आईनं त्या दिवशी काढली. तोंडाला पावडर लावली. कॅमेऱ्यापुढं बसायचं म्हणजे आमच्यात माणूस असंच नीटनेटकं बसतं. लेकीच्या कॉलेजातले लोक येणार म्हणून तिनं कोंबडीही शिजवली होती.

"काकू, ही नको. फाटकी असेल ना एखादी?" निनाद म्हणाला.

"फाटकी कामून नेसू बाबा? फोटू काढायलाव न्हवं?"

तेवढ्यात तुकडीतली एक मुलगी न विचारता घरात शिरली आणि चुलीजवळचं पोतेरं घेऊन आली. जुन्या लुगड्याचा तुकडा. आई त्यानं जमीन सारवते. "हे खांद्यावर घेतलं तर खरं वाटेल," ती म्हणाली.

आईनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलायच्या आत तिनं ते ओलं पोतेरं अंगावर घेतलं. शेणाचं पाणी पांढऱ्या पदरावरून ओघळलं. "घेते बाबा. लेकीचं शिक्षान हाय," ती म्हणाली.

"वा. आता गरीब दिसतायत," निनाद म्हणाला.

माझं टाळकं सरकलं. थर्माकोल गुडघ्यावर मोडलं. पुढं जाऊन कॅमेऱ्याच्या भिंगावर तळहात ठेवला. "बंद कर," मी म्हणाले.

सर आवाज न चढवता बोलले. "तुमच्यासारख्यांना प्रवेश मिळतो, नजर मिळत नाही. या विषयात तू नापास." सामान गाडीत भरलं. कोंबडीला कुणी हात लावला नाही. वाटेत हॉटेल आहे म्हणाले.

गाडी गेली आणि आई माझ्यावरच उखडली. "कामून केलीस असं? दोन घडी अंगावर घेतलं तर मी झिजले असते का? आता काढून टाकले तर?" निनादच्या बोलण्यापेक्षा हे मला जास्त लागलं. संध्याकाळी अप्पा गोदामातून आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाव काढ तिथलं. आपलं काम न्हाई ते."

न्हाई अप्पा, नाव काढणार नाही.

त्या विभागात जावं असं काय आहे, हे मला आता पक्कं कळलंय. सर नाहीत, वर्ग नाही, भिंतीवरची मोठमोठी पोस्टरं तर नाहीतच. तिथं कॅमेऱ्यांचं कपाट आहे. चित्रं जोडायची खोली आहे. हसणाऱ्या माणसाला रडका कसा करतात, धडधाकट घर भिकारी कसं दाखवतात, ते मी त्या खोलीत डोळ्यांनी बघितलंय. चार तुकडे इकडचे तिकडे केले की झालं. माझ्या आईचं काय दाखवायचं ते तिथं ठरतं. ही विद्या त्यांच्याच हातात ठेवून मी घरी बसू?

नापास केलंय, तर वर्ष पुन्हा करीन. सोमवारी कपाटाच्या खोलीपुढं उभी राहणार आहे. थर्माकोल पुढं केलं तर धरणार नाही. कॅमेरा दिला नाही तर दारातून हलणार नाही.