बाप्पाभोवती फिरणारी फ्रान्सची गाडी

दादाची आणि माझी शेवटची भेट अंबरनाथच्या दवाखान्यात झाली. नाकाला नळी होती, तरी हाताने खुणावून त्याने मला जवळ बोलावलं. "गणपतीत गाडी तू चालव," तो म्हणाला, "आणि रूळ आधी पुसून घे, नाहीतर अडकते." मी हसलो. म्हटलं, "तूच चालवशील, गप पड." पायथ्याशी वहिनी चादर नीट करत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गेला...

गाडी म्हणजे फ्रान्समधल्या जुन्या, प्रचंड वेगवान रेल्वेचं छोटं मॉडेल. नारंगी रंग, लांब निमुळतं नाक, वीत-वीतभर डबे. नकली मालासाठी प्रसिद्ध असलेल्या उल्हासनगरात, कॅम्प एकमध्ये एका सिंधी दुकानदाराकडे ती दादाला दिसली. "साईं, असली फ्रान्स का माल है, अपने कॅम्प का नहीं," एवढं ऐकलं आणि दादाने आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता काहीतरी विकत घेतलं. बुवापाड्याच्या त्याच्या दोन खोल्यांत आमचा घरचा गणपती बसायचा. त्या वर्षापासून गाडी मखराभोवती फिरू लागली. आरती झाली की गल्लीतली पोरं दाराशी जमायची. "काका, फास्ट सोडा ना!" "हळूच बरी. बाप्पाला चक्कर येईल," दादा म्हणायचा. त्यामुळे एवढी नावाजलेली गाडी आमच्याकडे बैलगाडीच्या चालीने मोदकांना वळसा घालायची. मी बँकेत साहेब झालो, कात्रपला फ्लॅट घेतला, मुलीला चांगलं स्थळ मिळालं. व्याही दर्शनाला आले तेव्हा गाडी पुतण्याची आहे, असं सांगून मी मोकळा झालो. पुतण्या तेव्हा नोकरीला लागलेला होता.

दहाव्याला बदलापूरला उल्हास नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे आले, भिंतीवर बसले, पण शिवेनात. पुतण्या हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." त्याचे मामा म्हणाले, "पोरीचं लग्न आम्ही करून देऊ, काळजी नको." एक कावळा जवळ यायचा, मान वाकडी करून बघायचा, मागे सरायचा. माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण दादाचा जीव कशात अडकला असेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. शेजारी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत व्याही उभे होते. त्यांच्यादेखत मी खेळण्यातली गाडी चालवायचं वचन द्यायचं... तोंडच उघडेना. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी रिक्षा बघायला निघाली.

परवा बुवापाड्याला गेलो, तर वहिनीने कपाटावरून खोका काढून समोर ठेवला.

"न्या भावोजी. तुम्हालाच सांगितलं होतं ना त्यांनी."

मी खोका जवळ ओढला.

"दहाव्याला मी तुमच्याकडेच बघत होते. मीच बोलले असते, पण त्यांनी नाव तुमचं घेतलं होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन रूळ जमिनीवर मांडले, पुसले, गाडी सोडली. मधे रिकामा पाट ठेवला होता. नदीकाठी अडलेलं ते वाक्यही मोठ्याने बोललो. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून जमलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. म्हणून आज इथे, चारचौघांत लिहितो आहे. माझे व्याही वर्तमानपत्राची ही पुरवणी न चुकता वाचतात.

दादा, गणपतीत गाडी मी चालवीन. हळू चालवीन.