ड्रायव्हरच्या बाजूची जाळी

गाडी एकवीस वर्षांची होती, आणि तिच्या वयाचा विषय घरात कुणी काढायचा नाही असा दंडक होता. नवऱ्याला वाईट वाटायचं. बायकोच्या वयाचा विषय मात्र तो पाहुण्यांसमोर हसत हसत काढायचा.

बायकोला सगळी गल्ली पडदेवाली म्हणायची. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिचं शिलाई मशीन, डाव्या हाताला कापडाचे गठ्ठे, उजव्या हाताला बटणांचा पत्र्याचा डबा. त्या डब्याच्या तळाशी तिचं गाडी चालवायचं लायसन सहा वर्षं पडून होतं. पहिल्याच परीक्षेत पास झाली होती. तेव्हा नवरा म्हणाला होता, "छान. असू दे, ओळखपत्र म्हणून उपयोगी पडतं."

गाडीची किल्ली त्याच्या दाढीच्या आरशाशेजारी खिळ्याला असे. ती मागितली की तो समजूतदार चेहरा करायचा. "अगं, जुनी गाडी आहे. तिच्या कलाने घ्यावं लागतं. यंत्रातलं तुला काय कळतं?" हे तो बारा वर्षं अखंड चालणाऱ्या शिलाई मशीनला टेकून बोलायचा. त्या मशीनचं तेलपाणी, सुई, पट्टा सगळं तीच बघायची. पण बायकांची मशीनं यंत्रात धरत नसावीत.

चार वर्षांपूर्वी गाडीतल्या एसीच्या जाळ्यांनी माना टाकल्या. डॅशबोर्डवर चार जाळ्या. त्यांच्या आडव्या पट्ट्या वर केल्या की पहिल्या खड्ड्यापर्यंत वर राहायच्या, मग धपकन खाली. सगळा वारा गुडघ्यांवर. पुढच्या सीटवर बसायच्या सासूबाई, तेव्हा गुडघे त्यांचे. त्यांनी आधी लेकाला सांगितलं, मग सुनेला, मग उरलेल्या गल्लीला.

लेकाने एक रविवार त्यासाठी राखून ठेवला. विमा कंपनीत तो लोकांच्या नुकसानीचे अंदाज लिहायचा, त्यामुळे दुरुस्तीतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची समजूत होती. ड्रायव्हरच्या बाजूची जाळी त्याने स्वतःच्या गळ्याच्या उंचीला धरली आणि तिच्या सांध्यात झटपट चिकटणारा गोंद ओतला. जाळी बसली ती बसलीच, ना वर ना खाली, आणि भोवती बुरशी धरल्यासारखा पांढरा डाग. बाकीच्या तिघींपर्यंत पोचायच्या आत गोंदाच्या नळीचं तोंड मिटलं, त्याचा अंगठा तर्जनीला चिकटला, आणि काम पुढच्या रविवारवर गेलं.

पुढचा रविवार कुठला यायला. बुधवारी दुपारी तो ऑफिसच्या बसने गेलेला असताना पडदेवाली गाडीत जाऊन बसली. डाव्या दाराचं कुलूप कधीचंच बिघडलेलं, त्यामुळे आत शिरायला किल्लीची गरज नव्हती. प्लास्टिकच्या मोजपट्टीला चिंधी गुंडाळून तिने जाळी कडेकडेने उचकटली, तर ती अख्खी हातात आली. दोष साधा होता. पट्ट्यांची चौकट घासून घासून आपल्या खोबणीत सैल झाली होती. कंबर सैल झालेल्या कपड्याला काय करतात, तेच करायचं, आतून पट्टी द्यायची. खुर्चीच्या पायांखाली लावतात तसलं लोकरी फेल्ट तिच्याकडे होतंच. नखाएवढ्या पट्ट्या कापून तिने चौकटीच्या दोन्ही अंगांना सरकवल्या आणि जाळी परत दाबून बसवली. तीन जाळ्यांना चाळीस मिनिटं लागली, मध्ये दूध तापवायला उठली ते धरून.

संध्याकाळी ती सांगणारच होती. पण नवरा आधी गाडीत बसला, जाळ्या हलवून बघितल्या, आणि आत येऊन म्हणाला, "बघितलंस? एकीला शिस्त लावली, बाकीच्या आपोआप वळणावर आल्या."

तिच्या तोंडात तेव्हा सात टाचण्या होत्या. त्या काढेपर्यंत तो आईला सांगायला गेला होता. तिथून ऑफिसला, शेजाऱ्यांना, बारशाला आणि बाराव्याला, चार वर्षं तो सांगतच होता.

या रविवारी सकाळी पडदेवालीला मुलींच्या हॉस्टेलमधून फोन आला. चौसष्ट खिडक्या. मापं घ्यायची, पडदे शिवून आणायचे, दांड्या बसवून टांगायचे, दर मंगळवारी एक मजला. "गाडी आहे ना तुमच्याकडे? दुपारी एकच्या आत येऊन बोला, नाहीतर दुसरीकडे द्यावं लागेल."

हॉस्टेल गावाच्या दुसऱ्या टोकाला. रविवारी बस तासाला एक, आणि दहा फुटी दांड्या घेऊन बसमध्ये कोण चढू देणार?

"आज कसं जमेल? जावई येणार आहेत," नवरा पेपरातून म्हणाला. "पुढच्या महिन्यात बघू. मी सोडीन तुला एखाद्या वेळी."

"चौसष्ट खिडक्यांना एखाद्या वेळी?"

"मग गाडी काय तुझ्या हातात देऊ?"

साडेदहाला जावई आले, सासूबाईंना महिनाभरासाठी लेकीकडे न्यायला. त्यांची गाडीही सतरा वर्षांची, आणि तिच्याही जाळ्यांनी माना टाकलेल्या. मेकॅनिक म्हणे अख्खा डॅशबोर्ड काढावा लागेल.

"मेकॅनिक तसंच म्हणणार," नवरा उठला. त्याचा चेहरा उजळला होता. "भावोजी, पाच मिनिटांचं काम. एकीला शिस्त लावायची, बस."

पडदेवालीने खिडकीतून बघितलं. गोंदाची नवी नळी खिशातून निघाली तेव्हा तिच्या तोंडात एकही टाचणी नव्हती.  तरी तिने फक्त मशीनवरचं काम गुंडाळून ठेवलं.

सासूबाईंची पिशवी गाडीत गेली, सासूबाई बसल्या, एसी लागला, आणि सासूबाई उतरल्या.

"कानात शिट्टी वाजतेय."

"आई, गार नाही का वाटत छान?"

"गार व्हायचंच आहे की एक दिवस. आजच कशाला घाई? बंद कर ते."

ते बंद होत नव्हतं. सासूबाईंच्या बाजूची जाळी त्यांच्या कानाच्या रोखाने चिकटली होती, आणि ती बंद करायचं चाकही गोंदात अडकलं होतं. बाकीच्या जाळ्या पूर्वीसारख्याच माना टाकून बसल्या होत्या. शिस्तीचा वारा त्यांना लागला नव्हता.

"दुखऱ्या कानात तीन तास वारा घेऊन मी येणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "सुनेला बोलवा."

"तिला कशाला?"

"आपल्या गाडीच्या जाळ्या तिनंच केल्यात. तू ऑफिसला गेला होतास. मी गॅलरीत होते."

नवऱ्याने आईकडे बघितलं. "मग चार वर्षं बोलली नाहीस?"

"माझे गुडघे दुखायचे राहिले होते. कुणी का करेना."

जावई आपल्या बुटांचं निरीक्षण करू लागले.

आपलं नाव निघालेलं ऐकून पडदेवालीने मशीनखालचा फेल्टचा तुकडा पायाने आणखी आत ढकलला आणि मगच ती बाहेर आली. गळ्यात टेप तशीच. जाळी हलवून बघत म्हणाली, "गोंद ठिसूळ असतो, पिळला की तुटेल. सगळ्यांना आतून पट्टी देते. पण फेल्ट संपलंय."

"कुठे मिळतं? मी आणतो," नवरा म्हणाला.

"हॉस्टेलसमोरच्या दुकानात. कुठल्या जाडीचं आणाल?" मग ती अगदी मायेने म्हणाली, "असू दे. कापडातलं तुम्हाला काय कळतं."

"मग चल, मी नेतो तुला."

"तू आधी तो अंगठा सोडव," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी बघितलं. अंगठा आणि तर्जनी पुन्हा एकजीव झाली होती, या खेपेला मध्ये नळीचं टोपण धरून.

जावयांनी घसा खाकरला. "मी तीन तास चालवून आलोय, अजून तीन तास आहेत. वहिनींना येत नाही का गाडी?"

"लायसन आहे तिचं," सासूबाई म्हणाल्या. "बटणांच्या डब्यात."

सासूबाईंना डब्याचा तळही ठाऊक होता. नवरा आत गेला आणि डाव्या हाताने किल्ली घेऊन आला. देताना त्याने क्लच, ब्रेक, दुसरा गिअर असं बरंच काही सांगितलं. तिने शांतपणे सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. एसी लावला तर वारा तिच्या डोक्यावरून मागच्या काचेवर गेला.

"ती जाळी माझ्या उंचीची आहे," नवरा खिडकीशी वाकून म्हणाला. या वाक्यात त्याला जरा धीर आला.

पडदेवाली खाली उतरली. घरात जाऊन मशीनच्या स्टुलावरची गादी उचलली, मशीनखालचा फेल्टचा तुकडा पिशवीत टाकला, आणि परत येऊन गादी सीटवर ठेवून बसली. वारा बरोबर गळ्याशी आला. फाटकात गाडी एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा निघाली.

पावणेदोन तासांनी ती आली. हॉस्टेलच्या पहिल्या मजल्याची मापं तिच्या वहीत होती आणि फेल्ट पिशवीत. जावयांच्या जाळ्या अर्ध्या तासात झाल्या. सासूबाई बसल्या, जाळी स्वतः वरखाली करून बघितली, आणि कुणाचं कौतुक न करता निघून गेल्या.

संध्याकाळी नवरा आरशासमोर उभा होता. बोटं सुटली होती.

"किल्ली कुठाय?"

"बटणांच्या डब्यात."

"आणि सीटवरची गादी? ती तरी काढून ठेव."

"राहू दे," पडदेवाली सुईत दोरा ओवत म्हणाली. "मंगळवारी लागेल."