काळ्या गाडीवरची राख

थेरगावात सोसायटीखाली नातू नवी गाडी पुसत होता. मी सहज हात लावायला गेले, तर म्हणाला, "आजी, नको! ओरखडा उठेल." ओल्या पत्र्याचा वास नाकात गेला आणि माझा हात तिथंच थांबला.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. माझं नुकतंच लग्न झालं होतं. हे पिंपरीच्या एका कारखान्यातल्या साहेबांची काळी गाडी चालवायचे. त्या दिवशी हे तापानं फणफणले होते आणि दुपारी साहेबांना लग्नाला जायचं होतं. गाडी आमच्या दारातच उभी होती, धुवायची राहिलेली. मला मेलीला शहाणपण सुचलं. चुलीतली राख आणि काथ्या घेऊन, पितळी घागर घासावी तशी मी ती गाडी घासली, काचासुद्धा. ओली होती तोवर चकाकत होती. उन्हानं वाळली आणि सगळीकडे पांढरे ओरखडे दिसायला लागले.

हे भिंत धरत बाहेर आले. बॉनेटवरून हात फिरवत राहिले. "गाडीला राख लावत्यात व्हय गं?" एवढंच म्हणाले, तेही हळू.

साहेबांना त्यांनी "मीच घासली" म्हणून सांगितलं. नोकरी गेली. पुन्हा कुणी त्यांच्या हातात गाडी दिली नाही.

त्यावरून मला ते कधीच बोलले नाहीत. फक्त मी भांडी घासायला राख घेतली, की उठून बाहेर जाऊन उभे राहायचे, अगदी शेवटपर्यंत.